आजीचा एकच प्रश्न

टेलिफोनला किंचाळताना कधी ऐकलंय? नसेल तर आईबाबांना विचारा. आधी टुकटुक नंबर फिरायचा, मग कुईंऽऽ, खर्रर्र, आणि नशीब असेल तर इंटरनेट लागायचं! आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते याच पद्धतीनं. मालवणजवळच्या आमच्या वाडीत ते पोचलं २००४ मध्ये. मी तेव्हा दहावीत होते.

मोडेम नावाची डबी कॉम्प्युटरची भाषा आवाजात बदलायची आणि फोनच्या तारेतून पाठवायची. त्यामुळे नेट चालू असेपर्यंत फोन एंगेज. आजी वैतागायची, "ह्यां तुझां यंत्र माझो फोन गिळता गो!" मी हसायचे.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मात्र हसू पळालं. मी नेटवर डीएडची माहिती शोधत बसले होते. शेजारच्या काकू धावत आल्या, "मुंबैत लोकलीत बॉम्ब फुटले म्हणतत!" आमचे काका बोरिवलीला राहायचे आणि रोज त्याच लाइननं घरी जायचे. बाबांनी झडप घालून रिसीव्हर उचलला. आत तीच किंचाळी! मी वायर उपटली आणि पाचच मिनिटांत घंटा वाजली. काका! सुखरूप होते. "अरे, तासभर एंगेज! घरात बोलतंय तरी कोण?" मी कोपऱ्यात उभी. आजी मला काहीच बोलली नाही. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे संध्याकाळी नेट बंद.

२००८ मध्ये आमच्या एक्स्चेंजला ब्रॉडबँड आलं, आणि घरात खलबतं सुरू झाली. सरकारनं २००४ मध्येच ठरवलं होतं, की सेकंदाला निदान २५६ किलोबिट वेग असेल तरच ब्रॉडबँड म्हणायचं. आमचा मोडेम ५६ चा! आता गणित करा. एका एमबीचा फोटो, म्हणजे साधारण ८००० किलोबिट. जुन्या वेगानं सगळं सुरळीत चाललं तरी जवळजवळ अडीच मिनिटं, नव्यानं अर्धंच मिनिट. मी तर वेगाच्या आकड्यावरच भाळले होते.

केबलवाला सगळ्यात मोठा आकडा सांगत होता, आणि स्वस्तही. पण त्याची वायर माडामाडांवरून लोंबत यायची. बाबांनी विचारलं, "पावसात माड पडलो तर कोण येतलो?" तो म्हणाला, "बघूया!" डेटा कार्ड दुकानात मिळत होतं, पण आमच्याकडे मोबाइलची रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर. कॉम्प्युटर तिथे नेणार कोण? राहिली टेलिफोनची तार. लाइनमन शेजारच्या वाडीतला, सायकलवरून यायचा. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "एक्स्चेंजपासून घर जितक्या लांब, तितको वेग कमी. तुमका पूर्ण मिळाचो नाय." शिवाय महिन्याला ठरावीकच एमबी, त्यापुढे प्रत्येक एमबीला पैसे. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ फुकट होतं म्हणे, पण माझ्यासाठी दोन वाजता उठणार कोण!

आजीनं सगळं ऐकून एकच विचारलं, "नेट चालू आसताना बोरिवलीचो फोन लागतलो मां?"

लाइनमननं छोटी डबी दाखवली, स्प्लिटर. तार तीच, पण आपलं बोलणं खालच्या पट्टीत जातं आणि नेट फार वरच्या पट्टीत, कानाला ऐकूच येत नाही. डबी दोघांना वेगळं करते. "लागतलो आजये!" तो म्हणाला. ठरलंच मग. जोडणी झाल्यावर आजीनं काकांना फोन लावला, मला कॉम्प्युटरसमोर बसवलं, आणि गणपतीला कधी येणार यावर पाऊण तास बोलली. मधूनमधून मागे वळून बघायची, "चालू आसा मां गो?"

गेल्या वर्षी माझ्या घरी फायबर घेतलं. आलेला मुलगा शंभर की दोनशे एमबीपीएस, हेच विचारत होता. मला मे २०२१ चं तौक्ते वादळ आठवत होतं. तेव्हा कित्येक दिवस वीज नव्हती. जुन्या तारेला वीज एक्स्चेंजमधूनच यायची, त्यामुळे घरातले दिवे गेले तरी फोन चालायचा. फायबरची डबी मात्र घरच्या विजेवर चालते. मी विचारलं, "लाइट गेली तर ही किती वेळ चालेल?" तो गोंधळला. मालकाला फोन लावून म्हणाला, "बाई, छोटी बॅटरी घेऊन ठेवा."

त्याच दिवशी मालवणच्या बाजारातून आणली.