आधी पाण्यातून काढ!

ऑफिसात माझं काम काय, तर चुका शोधायच्या. वाळूजच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. बाहेरून आलेला माल तपासल्याशिवाय लाइनवर जाऊ द्यायचा नाही, हा आमचा पहिला नियम. सप्लायर कितीही ओळखीचा असो, डिस्पॅचची कितीही घाई असो. त्यावरून मी भल्याभल्यांशी भांडलेय. आणि हाच नियम मी घरी, एका गोधडीसाठी, चक्क धाब्यावर बसवला.

तर झालं असं. 2023 चा मे महिना. नणंदेला मुलगी झाली होती आणि बारसं तीन आठवड्यांवर आलं होतं. बाजारातलं कार्टूनवालं ब्लँकेट द्यायचं नाही, आपण गोधडी शिवायची, असं मी जाहीर करून टाकलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. कपाटातून त्यांनी त्यांच्या आईचं लुगडं काढून दिलं. म्हणजे बाळाच्या पणजीचं. मोतिया रंगाचं, सुती, वापरून वापरून सायीसारखं मऊ झालेलं. त्या आज नाहीत. त्यांची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू घरात उरली होती.

मी गुलमंडीवर जाऊन लालभडक कॉटन आणलं, खालच्या बाजूला लावायला मांजरपाट आणलं. डोक्यात डिझाइन तयार होतं. एक चौकोन लुगड्याचा, एक लाल, बुद्धिबळाच्या पटासारखं.

‘‘कोरं कापड आहे, आधी पाण्यातून काढून घे बरं,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘आई, पाणी कुठंय?’’

खोटं नव्हतं ते. त्या उन्हाळ्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळ आठ-आठ दिवसांनी यायचे. जायकवाडीसारखं अवाढव्य धरण पन्नासेक किलोमीटरवर, आणि आम्ही टँकरच्या नंबराची वाट बघत बसलेलो. त्यात न वापरलेलं, चकचकीत, घडीचं कापड धुवायचं? मला ती चैन वाटली. शिवाय डेडलाइन होतीच. मी सरळ कात्री लावली.

गोधडी देखणी झाली हो! बारशाला बायकांनी हातात घेऊन टाके मोजले. मी हवेत होते.

आठवडाभरानं बाळानं गोधडीवर आपला हक्क रीतसर बजावला आणि नणंदेनं ती गरम पाण्यात धुतली. संध्याकाळी तिचा फोन आला. ‘‘वहिनी, तू ये एकदा.’’

लाल रंग फुटला होता. पणजीच्या लुगड्यावर गुलाबी डागांचे नकाशे उमटले होते. मांजरपाट आटलं होतं, त्यामुळे वरच्या बाजूला जागोजागी फुगे आले होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन ठिकाणी लुगडं शिवणीलगत विरलं होतं. नव्या कापडानं आक्रसताना त्याला ओढलं होतं. बिचारं जुनं, झिजलेलं, त्यात ओढ सोसायची ताकद कुठली?

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र माझ्यातली क्वालिटीवाली जागी झाली. उरलेल्या मांजरपाटाचा 20 सेंटिमीटरचा चौकोन कापला, गरम पाण्यातून काढला, वाळवला, मोजला. लांबी 19, रुंदी साडेएकोणीस. म्हणजे मीटरभर कापडात एकीकडे पाच सेंटिमीटर गायब! ऑफिसात एवढा फरक आला असता तर मी अख्खा लॉट परत पाठवला असता.

कारण अगदी साधं आहे. मागावर सूत ताणून धरलेलं असतं. पुढे रंगवताना, इस्त्री करताना कापड आणखी ओढलं जातं. खळ त्याला त्याच ताठ अवस्थेत धरून ठेवते. पाणी लागलं की खळ जाते, सूत फुगतं, ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ मापावर येतं. याला उपाय म्हणून 1930 च्या सुमारास सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकनानं कापड कारखान्यातच वाफेनं आणि दाबानं आधीच आटवून घ्यायची पद्धत काढली. आपल्या वडिलांच्या शर्टपीसच्या काठावर ‘सॅन्फोराइज्ड’ असा शिक्का असायचा, आठवतंय? तो या क्लुएटसाहेबांच्या नावावरून आला. स्वस्त मांजरपाटाकडून मात्र ही अपेक्षा ठेवायची नाही.

रंगाचं म्हणाल, तर ‘मिठाच्या पाण्यात भिजव, रंग पक्का होतो’ हे मलाही दहा जणींनी सांगितलं. मिठाचा उपयोग रंगाऱ्याच्या हौदात होतो, रंग सुताकडे ओढला जावा म्हणून. तयार कापडावर बसलेला जास्तीचा रंग मिठानं बांधला जात नाही, तो धुवूनच काढावा लागतो. साधी टेस्ट आहे. ओला पांढरा रुमाल कापडावर घासा. रुमाल लाल झाला तर तुमची गोधडीही होणार.

मग आपल्या आज्या-पणज्यांना हा प्रश्न कधी पडला नाही का? नाहीच पडला. त्यांची गोधडी, मराठवाड्यातली वाकळ, बंगालची कांथा, सगळी मुळात जुन्या कपड्यांची. दहा-दहा वर्षं दगडावर आपटून धुतलेल्या लुगड्याला आटायला काही शिल्लकच नसतं. धुण्याचं काम आयुष्यानं आधीच उरकलेलं. प्रश्न आला तो आपण दुकानातून कोरं कापड आणून हौसेनं गोधड्या शिवायला लागल्यावर. परदेशातल्या क्विल्टवाल्यांमध्ये तर यावरून सरळ दोन पार्ट्या आहेत. काही जण मुद्दाम धूत नाहीत, पहिल्या धुण्यात पडणाऱ्या बारीक सुरकुत्याच त्यांना आवडतात. त्यांचं चालून जातं, कारण त्यांचं सगळंच कापड नवं असतं आणि जवळपास सारखंच आटतं. भिंतीवर टांगायची वस्तू असेल तरीही चालेल. पण नवं आणि जुनं एकत्र शिवणार असाल, तर नव्यानं आधी पाणी बघून यायचं. त्यात सूट नाही.

हे सगळं ज्ञान मी सासूबाईंना ऐकवलं आणि शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाले, ‘‘आई, लुगडं गेलं हो.’’

त्या उठल्या. कपाटातून आणखी एक घडी काढली. तोच मोतिया रंग.

‘‘नऊवार होतं ते. तुला सगळं दिलंच कुठं होतं?’’

मी बघतच राहिले. ‘‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘कापड न धुता कापायलीस ते बघितलं ना मी.’’

‘‘मग थांबवलं का नाही?’’

‘‘सांगितलं होतं की एकदा,’’ त्या म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, ‘‘माझी पहिली वाकळ पण अशीच बिघडली होती. आईनं मलाही एकदाच सांगितलं होतं.’’

दुसऱ्या गोधडीच्या वेळी मी नळ येण्याच्या दिवशी रजा टाकली. कापडाच्या कडांना कच्ची शिलाई मारली, म्हणजे दोरे निघत नाहीत. लाल वेगळं, मांजरपाट वेगळं, दोन्ही गरम पाण्यातून काढलं, कारण बाळाची गोधडी पुढेही तशीच धुतली जाणार. लाल तीनदा धुतलं, रुमाल पांढरा राहीपर्यंत. शेवटच्या पाण्यानं गॅलरी पुसून घेतली, वाया काही घालवलं नाही. वाळल्यावर इस्त्री करून मापं घेतली आणि मगच कात्री लावली. लुगड्याचे चौकोन सासूबाईंनी कापले, धावदोरा दोघींनी मिळून घातला.

ती गोधडी त्यानंतर किती वेळा धुतली गेली, याचा हिशेब नणंदेनंही सोडून दिलाय. एकही डाग नाही. लुगडं मात्र आता खरंच संपलं. शेवटचा तुकडा देताना सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘‘आता नाही हं शिल्लक.’’

हल्ली ऑफिसातल्या मुली विचारतात, गोधडी शिवायचीय, सुरुवात कुठून करू? मी म्हणते, सुई-दोरा नंतर आण. आधी तुमच्याकडे नळ कधी येतात ते सांग!