नागपूरचे सांडपाणी, कोराडीची वीज

कोराडीच्या कूलिंग टॉवरमधून वर चढणारे पांढरे लोट पाहून येणारे-जाणारे म्हणतात, किती हा धूर! धूर चिमणीतून जातो. टॉवरमधून निघते ती पाण्याची वाफ, आणि त्या पाण्यातला मोठा वाटा नागपूरच्या मोऱ्या, न्हाणीघरे आणि संडासांतून आलेला असतो. औष्णिक वीज केंद्रातल्या पाण्याचे रसायन सांभाळणे हा माझा पेशा. ऊर्जेतल्या नव्या तंत्रज्ञानाचा विषय निघाला की लोक बॅटरी, हायड्रोजन, सौर पॅनेल यांची नावे घेतात. मी आधी या सांडपाण्याचे नाव घेतो. आमच्या शहराने केलेले हे खरे मोठे अभियांत्रिकी काम आहे, आणि त्याची म्हणावी तशी दखल अजून घेतली गेलेली नाही.

वीज केंद्राला एवढे पाणी लागते कशाला? कोराडीचे 660 मेगावॉटचे तीन संच 2015 ते 2017 या काळात सुरू झाले. ते सुपरक्रिटिकल आहेत. म्हणजे बॉयलरमधला दाब 221 बारच्या आणि तापमान 374 अंश सेल्सिअसच्या वर नेलेले असते. तिथे पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही. त्यामुळे तेवढ्याच कोळशात जास्त वीज निघते. तरीही कोळशातली जेमतेम चाळीस टक्के उष्णता विजेत उतरते. उरलेल्यापैकी बहुतेक उष्णता टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेबरोबर कंडेन्सरमध्ये येते. तिथे हजारो नळ्यांतून गार पाणी फिरते, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि तापलेले पाणी टॉवरवर जाते. टॉवरचे काम आपल्या घरच्या कूलरसारखे: थोडे पाणी उडून जाते, म्हणून बाकीचे गार होते. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की कूलरची टाकी किती वेळा भरावी लागते, हे नागपूरकराला सांगायला नको.

आता हिशेब करू. दर युनिट विजेमागे टॉवरमध्ये साधारण दोन लिटर पाणी खर्ची पडते. 1980 मेगावॉट पूर्ण भाराने चालले तर तासाला सुमारे 40 लाख लिटर, दिवसाला साडेनऊ कोटी लिटर. हे पाणी पेंचच्या धरणांतून उचलायचे म्हणजे ज्या पाण्यावर नागपूर पिते आणि पारशिवनी, रामटेक, मौद्याचा धान पिकतो, त्यातच वाटेकरी व्हायचे. वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यावर पेंचवरच्या तोतलाडोह धरणात येणारा ओघ घटला, आणि 2019 च्या जुलैत नागपूरला पाणीकपात सोसावी लागली.

दुसरीकडे शहराचे सांडपाणी नाग आणि पिवळी नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात जात होते. एका विभागाला पाण्याची टंचाई, दुसऱ्याला पाण्याची अडचण. 2008 साली महापालिका आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती यांनी करार केला, भांडेवाडीला रोज 13 कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र उभे राहिले आणि तिथून जलवाहिनीने पाणी कोराडीला जाऊ लागले. वरचा हिशेब आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहा. एका शहराची घाण आणि एका वीज केंद्राची तहान इतकी जुळते. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात पालो वर्दे हे अणुवीज केंद्र 1980 च्या दशकापासून फिनिक्स परिसराच्या सांडपाण्यावर थंड होत आले आहे. नागपूरने त्याच रांगेत जागा मिळवली.

पाइप टाकला की काम झाले, असे मात्र नाही. आमचे काम तिथूनच सुरू होते. टॉवरमधून पाणी उडते, क्षार मागे राहतात. कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर जमतो तो याच कारणाने. क्षार फार वाढले की थोडे पाणी सोडून द्यावे लागते, त्याला ब्लोडाउन म्हणतात. क्षार मूळच्या तिप्पट होईपर्यंत पाणी फिरवले तर उडालेल्या पाण्याच्या निम्मे सोडावे लागते. पाचपट चालवता आले तर फक्त पाव. म्हणजे रसायन जितके नीट सांभाळाल तितके पाणी वाचते. पण सांडपाण्यात साबण आणि मूत्रातून आलेले फॉस्फेट असते. कॅल्शियमशी गाठ पडली की गरम नळीत ते चिकटून बसते. अमोनिया असतो, तो तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या खातो आणि जंतू मारायला घातलेला क्लोरीन आधी आपल्याकडे ओढून घेतो.

संच बंद असताना कंडेन्सरमधून काढलेली नळी मी हातात घेतो, तेव्हा आत नखाने खरवडून पाहतो. पांढुरकी पूड निघते. तिच्यावर आम्लाचा थेंब टाकला आणि ती फसफसली तर कार्बोनेट, म्हणजे नेहमीचा कठीण पाण्याचा त्रास. न फसफसता गुपचूप विरघळली तर संशय फॉस्फेटवर जातो. मग मॉलिब्डेट घालायचे, पिवळा रंग आला की गुन्हेगार सापडला. कागदाएवढा पातळ थरसुद्धा कंडेन्सरचा व्हॅक्यूम बिघडवतो, आणि व्हॅक्यूम बिघडला की तेवढ्याच विजेला जास्त कोळसा जळतो.

या थराचे मूळ भांडेवाडीसारख्या केंद्रांतल्या हवेच्या टाक्यांत असते. तिथे घाण खातात ते जिवाणू, आणि त्यांना सतत हवा लागते. टाकीतला गाळ तपकिरी असेल आणि त्याला ओल्या मातीचा वास येत असेल तर जिवाणू खुशीत आहेत, असे समजावे. गाळ काळा पडला, सडक्या अंड्याचा वास सुटला की ब्लोअरकडे पळायचे. त्या रात्री दुर्लक्ष झाले तर काही दिवसांत त्याची किंमत कंडेन्सर मोजतो. शहराचा सफाई विभाग आणि वीज केंद्राचा टर्बाइन विभाग यांचे नशीब असे एका पाइपने बांधलेले आहे.

वाहनांचा विषयही इथेच येऊन मिळतो. 2017 च्या मे महिन्यात नागपुरात विजेवरच्या टॅक्सींचा मोठा प्रयोग सुरू झाला, त्याचे देशभर कौतुक झाले. विजेवरची लहान मोटार शंभर किलोमीटरला पंधराएक युनिट घेते. ती वीज कोळशाची असेल तर शंभर किलोमीटरमागे तीस लिटर पाणी कुठल्या तरी टॉवरमधून उडालेले असते. सौर विजेला टॉवर लागत नाही, म्हणून ती वाढलीच पाहिजे. कोळशाची राख आणि धूर यांवर सांडपाणी हा उतारा नाही, हेही मी स्पष्ट सांगतो. पण कोळशाचे संच जोवर चालणार आहेत, तोवर त्यांनी कोणाच्या घोटातले पाणी उडवावे, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाकडे पाठ फिरवली तर काय होते, ते परळीने दाखवले. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी तिथले वीज केंद्र बंद ठेवावे लागले. केंद्र सरकारच्या 2016 च्या वीजदर धोरणाने सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना ते पाणी वापरणे बंधनकारक केले. नियम चांगला आहे, पण तो पाइप मोजतो, पाण्याची प्रत मोजत नाही. म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पाइपच्या दोन्ही टोकांना प्रयोगशाळा असाव्यात आणि त्यांचे रोजचे आकडे दोघांनाही दिसावेत. शुद्धीकरण केंद्रावर राबणाऱ्या रसायनज्ञांना आणि ऑपरेटरांना टर्बाइनवरच्या माणसांइतकाच पगार आणि मान मिळावा. आणि शहराच्या इतक्या जवळ असलेल्या केंद्राला धरणाचे पाणी टॉवरमधून उडवायची परवानगीच यापुढे मिळू नये; ते पिणाऱ्यांसाठी आणि धानासाठी राखलेले असावे.