आठातला एक

सोसायटीत कुणी हॉस्पिटलातून घरी आलं की लिफ्टमध्ये ठरलेला प्रश्न असतो, "ऑपरेशन सक्सेसफुल झालं ना?" उत्तरही ठरलेलं, "हो, एकदम." याचा अर्थ एवढाच, की माणूस टेबलावरून सुखरूप खाली आला आणि टाके पिकले नाहीत. त्या ऑपरेशनमुळे तो जास्त जगणार आहे का, ते केलंच नसतं तर काय झालं असतं, हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी एकट्या पेशंटकडे बघून ते सांगता येत नाही. ऑपरेशन झालेला तो आणि न झालेला तो, अशी एकाच माणसाची दोन आयुष्यं शेजारी ठेवून बघायची सोय नाही.

माझ्या डोक्यात हा प्रश्न काकांमुळे घुसला. काका भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात बफिंगचं काम करायचे. दिवसभर फिरत्या चाकावर भांडं दाबून धरायचं, की आरशासारखं चकचकीत होतं. कामाला जोर खांद्याचा लागतो. जोडीला तंबाखू-चुना. जिभेच्या डाव्या कडेला जखम झाली, ती तिखट लागून चिरलं असेल म्हणून तीन महिने तशीच राहिली. मग तुकडा काढून तपासला आणि रिपोर्टमध्ये तो शब्द आला.

डॉक्टर म्हणाले, जखम लहान आहे, लवकर सापडलीय. मानेत हाताला गाठ लागत नाही, स्कॅनमध्येही दिसत नाही. तरी जिभेचा तुकडा काढताना डाव्या बाजूच्या मानेतल्या लसिका ग्रंथीही काढायच्या. काका बाहेर येऊन बाकड्यावर बसले आणि मला म्हणाले, "अरे, गाठ नाय म्हणतायत, मग मान कशाला कापतायत?"

प्रश्न अगदी बरोबर होता. घरी रात्री सगळे जमले. काकूंचं म्हणणं, डॉक्टर सांगतायत ते सगळं करा. आत्याचं म्हणणं, बिल वाढवायचे धंदे आहेत. काकांच्या गाडीतल्या ग्रुपमधल्या एकाने सांगितलं होतं, की मानेला सुरी लागली की रोग पसरतो. दुसऱ्या दिवशी मी परत डॉक्टरांकडे गेलो आणि तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "हाताला लागत नाही म्हणजे नाहीच, असं नसतं. आणि हे माझं मत नाही. हे मोजलेलं आहे. इथेच, मुंबईत."

भाईंदर ते अंधेरी उभ्याने जाताना मी ते मोबाइलवर शोधलं.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये मान आधीच साफ करायची, की नुसतं लक्ष ठेवून गाठ आली तरच उघडायची, यावर जगभरातले सर्जन अनेक दशकं भांडत होते. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये हा वाद मोजून मिटवायला घेतला. 2014 पर्यंत 596 पेशंट या अभ्यासात आले. सगळ्यांचा कॅन्सर सुरुवातीचा, मानेत गाठ न लागणारा, म्हणजे काकांसारखाच. कुणाची मान आधी उघडायची आणि कुणावर लक्ष ठेवायचं, हे ना डॉक्टरांनी ठरवलं ना पेशंटने. ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं.

मला पहिल्यांदा हे क्रूर वाटलं. जीवनमरणाचा निर्णय आणि चिठ्ठी? पण डॉक्टरने निवडलं तर काय होतं बघा. धडधाकट माणसाला तो ऑपरेशन सुचवतो, थकलेल्याला नको म्हणतो. धडधाकट माणूस जास्त जगतो आणि श्रेय ऑपरेशनला जातं. सकाळच्या विरार लोकलमध्ये जे चढू शकले त्यांनाच विचारलं, "गर्दीत चढता येतं का?" तर सगळे हो म्हणतील. जे फलाटावर राहिले ते मोजणीत येतच नाहीत. चिठ्ठीमुळे दोन्ही गटांत सारखी माणसं येतात आणि शेवटी फरक पडलाच, तर तो ऑपरेशनचा असतो.

2015 मध्ये पहिल्या 500 जणांचा निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. आधीच मान साफ केलेले 245, लक्ष ठेवलेले 255. दुसऱ्या गटात गाठ आली की त्यांचंही ऑपरेशन व्हायचं, म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. तरीही तीन वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले 67.5 टक्के. कॅन्सर उलटला तो पहिल्या गटात 81 जणांचा, दुसऱ्यात 146 जणांचा. मृत्यू 50 आणि 79.

मी घरी येऊन काकांना हे सांगितलं. फरक साडेबारा टक्क्यांचा, म्हणजे शंभराला साडेबारा, म्हणजे आठाला एक. आठ जणांची मान आधी साफ केली, तर तीन वर्षांनी एक माणूस जास्त जिवंत असतो. काकांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण हिशोब पक्का. ते म्हणाले, "आणि बाकीचे सात?"

बाकीच्या सातांतले काही तसेही वाचले असते आणि काही ऑपरेशन करूनही वाचत नाहीत. "मग मी त्यातला कोण?"

याचं उत्तर कोणत्याच पेपरात नाही. अभ्यास आठ माणसांबद्दल बोलतो आणि टेबलावर एकच माणूस असतो. काकांनी होकार दिला, कारण काकूंच्या शब्दांत, "एक तर एक."

ऑपरेशन झालं. जीभ थोडी जड झाली, 'र' नीट येत नाही. मानेतल्या ग्रंथी काढताना खांद्याकडे जाणारी एक नस वाटेत असते. ती शाबूत ठेवली तरी काही जणांचा खांदा आखडतो. काकांचा आखडला. व्यायामाने हात खांद्यापर्यंत येतो, त्याच्या वर जात नाही. बफिंग गेलं. शेठने पॅकिंगला बसवलं, पगार कमी झाला. काका एकदा म्हणाले, "आठातला एक असेन नायतर सातातला. पगार पॅकिंगचाच."

हे मी लिहितोय ते ऑपरेशन करावं की करू नये हे सांगायला नाही. त्याच हॉस्पिटलातून, त्याच 2015 साली, अगदी उलट निकालही आला.

डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रश्न होता, की स्तनाचा कॅन्सर पहिल्यांदा सापडतो तेव्हाच शरीरात इतरत्र पसरलेला असेल, तर स्तनातली मूळ गाठ काढून उपयोग होतो का? जुन्या नोंदींवरून वाटत होतं, की ज्यांची गाठ काढली त्या बायका जास्त जगतात. पण त्यांना निवडलं होतं डॉक्टरांनी. पुन्हा तीच विरार लोकल. टाटामध्ये 2005 ते 2013 या काळात 350 बायकांची चिठ्ठीने विभागणी झाली. 173 जणींची गाठ काढली, 177 जणींची नाही. दोन वर्षांनी पहिल्या गटातल्या 41.9 टक्के जिवंत होत्या, दुसऱ्यातल्या 43 टक्के. काहीच फरक नाही.

आमच्या मजल्यावरच्या एका काकूंना नेमका हाच आजार निघाला. डॉक्टरांनी औषधं सुरू केली, गाठ काढणार नाही म्हणाले. त्यांचा मुलगा भडकला होता. "पैशाची सोय करतो म्हटलं, तरी करत नाहीत. सोडून दिलंय त्यांनी आईला." आपल्याकडे ऑपरेशन म्हणजे काहीतरी केलं आणि गोळ्या म्हणजे हात टेकले. मी त्याला तो अभ्यास दाखवला. जिन्यात उभं राहून त्याने आकडे दोनदा वाचले. मग विचारलं, "म्हणजे कापलं नाही तरी तेवढीच राहील?" मी म्हटलं, "कापलं तरी तेवढीच." तो बराच वेळ गप्प होता. गाठ चिघळली, रक्त येऊ लागलं, तर त्रास कमी करायला ती काढावी लागते, तसं त्यांचं झालं नाही. काकू चौदा महिने राहिल्या. त्यातला एकही आठवडा टाके सुकायची वाट बघण्यात गेला नाही.

या दोन्ही निकालांमागे साडेनऊशेच्या आसपास माणसं आहेत. टाटाबाहेरच्या फुटपाथवर परराज्यांतून आलेली कुटुंबं पथारी टाकून राहतात, ते परळला गेलेल्या कुणीही पाहिलंय. अशा ठिकाणी, आपल्या वाट्याला कोणता गट येईल हे माहीत नसताना, या लोकांनी संमतीच्या कागदावर सही केली. त्या 79 मृत्यूंमुळे काकांच्या डॉक्टरांना "हे मोजलेलं आहे" असं म्हणता आलं. त्यांची नावं कुठे छापलेली नाहीत. काकांची मान त्यांच्या हिशोबावर उघडली गेली.

गेल्या वर्षी काकूंचा गुडघा धरला. झिजलाय, दुर्बिणीने आतून साफ करून टाकू, असं एका डॉक्टरांनी सुचवलं. अमेरिकेत ह्यूस्टनला 180 पेशंटांवर हे तपासलेलं आहे. काहींच्या गुडघ्याला नुसत्या चिरा देऊन आत काहीच केलं नव्हतं, आणि त्यांचं दुखणंही बाकीच्यांइतकंच राहिलं. 2002 साली तो निकाल छापून आला. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात काका आपल्या जड जिभेने डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, नाय केलं तर काय होतं, ते कुणी मोजलंय का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, काकांच्या मानेवरच्या व्रणाकडे बघितलं आणि व्यायामाचा कागद लिहायला घेतला.