टाळूचा भाव

शनिवार-रविवार घरात कोंडून घेऊन कॉर्मॅक मॅकार्थीची 'ब्लड मेरिडियन' संपवली एकदाची. कादंबरी १९८५ची, पण काळ १८४९-५०चा, अमेरिका-मेक्सिको सीमेवरचा. चिवावाचं सरकार अपाची माणसाच्या केसांसकट सोललेल्या टाळूमागे रोख पैसे मोजतंय, आणि ग्लँटनची टोळी ते कंत्राट घेऊन निघालीये. ही टोळी खरोखरच होती, हे कळल्यावर तर पोटात गोळाच आला.

गंमत म्हणजे (कसली डोंबलाची गंमत!) सोललेली टाळू कोणाची, हे ओळखू येत नाही. केस काळे असले की झालं. मग टोळी निरुपद्रवी इंडियन लोकांनाही मारते आणि ज्यांना वाचवायचं त्या मेक्सिकन लोकांनाही. वरच्यांना आकडा हवा, हे आकडा देतात. ऑफिसात टार्गेटसाठी न सुटलेले बग 'क्लोज' केलेत मी.. तुलना होऊच शकत नाही, तरी ते आठवलंच.

पण खरी भीती वेगळीच. पहिल्या कत्तलीला पुस्तक मिटून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो होतो. अर्ध्यानंतरच्या कत्तली मी चहा पीत वाचल्या.

असो. वाचा जरूर. फक्त चहा कुठल्या पानावर घेतलात, तेवढं लक्षात ठेवा.