चिठ्ठीत आलेली बाजू

अंबड

चि. सोनूस,


तुझं वादविवाद स्पर्धेतलं भाषण तुझ्या आईनं मोबाइलवर पाठवलं. आवाज खणखणीत, हातवारे बेताचे, आणि समोरच्याला मध्येच कसं गाठायचं हे तर तू आजोळहूनच घेऊन आलीस. ढाल मिळाली, फार आनंद झाला. ‘तापमानवाढ निसर्गाची, माणसाची नव्हे’ ही बाजू चिठ्ठीत निघाली म्हणून मांडलीस, त्यालाही माझी हरकत नाही. वकील दुसरं काय करतात? पण काल फोनवर सहज बोलून गेलीस, ‘मामा, बोलता बोलता मलाच ते पटायला लागलं.’ त्याच कॉलवर असलेल्या बाबांचा आवाज आला, ‘बरोबरच आहे की पोरीचं.’ तिथं माझी झोप उडाली.

सुरुवात केलीस दुर्गादेवीच्या दुष्काळापासून. मग १६३०-३२, मग बहात्तर. ‘तेव्हा कुठं होते कारखाने?’ यावर टाळ्या पडल्या. अगं, पण दुष्काळ पडणं आणि पृथ्वी तापणं एकच, असं तुला कुणी सांगितलं? बहात्तरची सुकडी मी खाल्लेली आहे. ती गोष्ट तुला तोंडपाठ आहे, पुन्हा उगाळत नाही. ते एल निनोचं वर्ष होतं. २०१५ आणि २०२३ सुद्धा. पावसाचे हे चढउतार निसर्गाचेच, आणि प्रत्येक कोरड्या वर्षाचं खापर धुरावर फोडणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे. पण चढउतारात उतारही असतो ना? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाशी ताडून पाहिलं तर २०११ ते २०२० हे दशक जगभरात सरासरी १.१ अंशांनी जास्त तापलेलं निघालं, आणि त्यानंतरही पारा चढतोच आहे.

ज्वालामुखीचं वाक्य मात्र झकास जमलंय, खोटं कशाला बोलू! ‘आपण ज्या काळ्या मातीवर उभे आहोत ती ज्वालामुखीची देणगी; तेव्हाचं हवामान कुणी बदललं?’ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा वाहिला आणि त्याच्या वायूंनी हवामान ढवळून काढलं, हे खरंच आहे. पण सुट्टीत घरी गेलीस की तुमच्या जुन्या विहिरीत उतर. (पायऱ्या सांभाळून. लहानपणीचा पराक्रम मी विसरलेलो नाही.) वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि शेवटच्या पायरीशी वीतभर जाडीचा विटकरी-लाल पट्टा. ओलं बोट फिरवलं की बोटाला गेरूसारखा रंग लागतो. एक लाव्हा थंड झाला, त्याचा दगड ऊन-पावसानं झिजून माती झाली, आणि वरून दुसरा लाव्हा आला, त्यात ती दबली-भाजली. तो हा पट्टा. तेवढी माती व्हायला हजारो वर्षं लागतात. दख्खनात लाव्ह्याचे असे कितीतरी थर आहेत. सगळा मिळून लाखो वर्षांचा कारभार. आणि आपण? कारखान्यांच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० भाग होता. माझ्या जन्माच्या साली, १९६२ ला, तो ३१८ झालेला होता. आज ४२० च्या पुढे आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त वाढ एका मामाच्या हयातीत! आजचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा वायू सोडतात, तो माणसाच्या धुराच्या शंभरातला एक भागही भरत नाही.

सूर्याचं प्रकरण दोन ओळींचं. उपग्रह १९७८ पासून त्याची उष्णता मोजताहेत, ती वाढलेली नाही. शिवाय सूर्यच तापवत असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो उलट थंड झालाय.

‘हा वायू माणसाचाच कशावरून?’ असं तू समोरच्या बाजूच्या मुलाला विचारलंस आणि तो बिचारा गप्प झाला. मला इथं घरात बसून चुळबुळ व्हायला लागली. कार्बनचाही सातबारा निघतो, बाई! झाडापाल्यात कार्बन-१४ चा किंचित अंश असतो. कोट्यवधी वर्षं गाडल्या गेलेल्या कोळशात आणि तेलात तो उरलेलाच नसतो. हवेतला हा अंश पातळ होत चाललाय, हे हान्स स्यूस यांनी १९५५ मध्येच झाडांच्या खोडांतल्या वर्तुळांवरून दाखवलं. नवा माल जुन्या खाणीतला आहे. ज्वालामुखीचा कार्बनही जुनाच म्हणशील, पण त्याचा हिशेब वर झाला.

आता माझं तुणतुणं ऐकून घे. हे सगळं कळलं ते कुणीतरी रोज उठून मोजलं म्हणून. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर हवा मोजायला सुरुवात केली. मध्ये पैशांची तंगी आली, तरी सोडलं नाही. ते २००५ मध्ये गेले; मोजणी चालूच आहे. आणि आपल्याकडं? शाळेतलं पर्जन्यमापक तुला आठवतं? सकाळी साडेआठच्या ठोक्याला मुलं पाळीनं नळी उजेडात धरायची, वहीत आकडा लिहायची, पावसाच्या थेंबानं शाई फुटायची. मी निवृत्त झालो आणि त्याच्या नरसाळ्यात गांधीलमाश्यांनी घर केलं. गावात कुणालाही विचार, ‘पूर्वी पाऊस असा नव्हता.’ कसा होता? पुस्तकातल्या सरासरीवर जाऊ नकोस, तुमच्या शिवारात किती मिलिमीटर पडला? सगळे आभाळाकडं बघतात. महसूल मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी, नाहीतर पंचनाम्याला कुणी फिरकत नाही. ढग आपल्या रानावर फुटतो आणि यंत्र चार गावं पलीकडं. भांडायचं तर वही लागते. ज्याच्याकडं वही नाही त्यानं हवामानावर भाषण करू नये, या मताचा मी आहे. हे वाचून तू हसणार, हस.

राहिला ‘माणूस’. माणसानं केलं म्हणजे बदनापूरच्या मोसंबीवाल्यानं केलं, असं कुणी म्हणत नाही. ज्या देशांनी दीडशे-दोनशे वर्षं कोळसा जाळला त्यांचा वाटा मोठा. तू निसर्गावर ढकललंस की पहिले तेच सुटतात. आपण अगदी धुतल्या तांदळासारखे आहोत असंही नाही. जालन्याच्या पोलादाच्या भट्ट्या विजेवर चालतात, आणि आपल्याकडची वीज बहुतेक कोळशाची. त्या कोळशाचीही गंमत बघ: २०१३ च्या फेब्रुवारीत परळीचं औष्णिक केंद्र बंद पडलं. कोळसा होता, यंत्रं होती, पाणी नव्हतं. हे तुझ्या भाषणात कुठं बसवलं असतंस?

बाबांचं ‘बरोबरच आहे’ मला का झोंबलं ते सांगतो. त्यांनी तुझ्या भाषणातून एवढंच घेतलं, की निसर्गाचं आहे, आपल्या हातात काही नाही. हातात नाही म्हटलं की मग खाली-खाली जायचं. गुरुवारी बोअरची गाडी येणार आहे, असं तुझी आई हळूच म्हणाली. काळ्या पाषाणात पाणी भेगेत असेल तेवढंच. ते उपसलं की लवकर भरत नाही. आणि शेजाऱ्यानं त्याहून खोल घेतलं की तेही गेलं. २०१२-१३ ला जिल्ह्यात मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाडी चालल्या, तेव्हा तू लहान होतीस. बाबा ओट्यावर त्या लाकडांकडं पाठ करून बसायचे. उरलेली झाडं टँकरनं जगवली. आता तीही दमलीत. मागच्या हिवाळ्यात बाग ताणावर होती, अवकाळी पाऊस आला, ताण मोडला, बहार धड फुटला नाही. उन्हाळ्यात फळगळ. अशा बागेच्या जिवावर आणखी कर्ज काढायचं?

मला भीती वाटते, सोनू. हवामानाची वाटते तेवढीच त्यांची.

त्यांना एकदा कडवंचीला घेऊन जा. जालना तालुक्यातलंच गाव, लांब नाही. तिथं आधी पाणलोटाची कामं केली, शेततळी घेतली, मग द्राक्षं लावली. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रातही आच्छादनाचं विचारून या. मी सांगून पाहिलं, पण बायकोच्या भावाचं कोण ऐकतं? तुझं ऐकतील. तेव्हा बुधवारच्या आत घरी फोन कर, आणि तीन मिनिटांची घंटा वाजली म्हणून थांबू नकोस.

तुझा,
मामा