पेटीतला उन्हाळा

बेंगळूरु समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे. येथील जुन्या घरांतून छताला पंखा नसे, असे वृद्ध माणसे अभिमानाने सांगतात. परंतु २०१६ च्या एप्रिलमध्ये येथील पारा ३९.२ अंशांवर गेला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ३८.५ अंशांवर. या उन्हाची झळ कोठकोठे लागावी!

बेळगावाहून शिकण्यास आलेल्या एका मुलाने भाड्याच्या खोलीत खेळांसाठी संगणक जुळविला होता. दोन वर्षे शिकवण्या घेऊन साठविलेले पैसे एस. पी. रोडवरील दुकानांतून सुटे भाग घेण्यात संपले होते. २०२४ च्या त्या एप्रिलात खेळ रंगात आला की चित्र अडखळे, पंखे घोंघावत. आणि एके रात्री संगणक आपोआप बंद पडला. प्रोसेसरचे तापमान १०० अंशांना टेकले होते. नवा प्रोसेसर घेण्याची ऐपत नव्हती आणि घरी सांगण्याची सोयही नव्हती. संगणक अभ्यासासाठी आहे, असे त्याने आईला सांगितले होते.

खरे तर अडखळणे हा बिघाड नव्हे. तापमान मर्यादेपाशी आले की प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवितो. तेवढ्याने भागले नाही, तर संगणक बंद पडतो आणि प्रोसेसर वाचतो.

मुलाने पेटी उघडली. उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पातळ पत्र्यांत धुळीची गोधडीच बसली होती. या शहरातील धुळीला कोणतेच झाकण पुरत नाही. पंख्याची पाती बोटाने धरून त्याने ब्रशाने धूळ झाडली. प्रोसेसर आणि धातू यांमधला लेप वाळून भेगाळला होता. दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात. त्या फटींतील हवा उष्णतेची मंदवाहक असते. फटी भरणे एवढेच लेपाचे काम, म्हणून तो पातळच हवा. जुना लेप पुसून त्याने वाटाण्याएवढा नवा लावला, पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आणि खेळातील चित्रांचा वेग सेकंदाला ६० वर बांधला. तापमान ८५ वर आले.

मात्र पंखा खोलीतीलच हवा आत ओढतो. खोली पाच अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच तापतो. याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ साली बसविलेल्या ‘परम प्रवेग’सारख्या महासंगणकांना शीतनाची स्वतंत्र यंत्रणा असते. मुलापाशी एक खिडकी होती.

मे महिन्यात वळीव कोसळला, तेव्हा त्याने ती सताड उघडली. पडद्यावरील आकडा ७८ वर उतरला. तेवढ्यात आईचा फोन आला.

“तिकडं पाऊस पडला का रे?”

आकड्याकडे पाहत तो “हो” म्हणाला. अभ्यासाविषयी तिने काही विचारले नाही.