काडतुसाचा हिशेब

टेक्सासला आलो तेव्हा मी एच-वन-बीवर होतो. शेजारचे निवृत्त गृहस्थ गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं स्वतः भरायचे आणि मी त्यांच्या टेबलाशी बसून बघायचो. एकदा त्यांनी आठवण म्हणून वापरलेली पितळी पुंगळी माझ्या हातावर ठेवली आणि लगेच परत घेतली. म्हणाले, "ग्रीन कार्ड झाल्यावर घेऊन जा."

मला थट्टाच वाटली होती. ती थट्टा नव्हती. इथल्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत पुंगळी, ठिणगी पाडणारा प्रायमर, गोळी आणि दारू हे सुटे सुटे भागसुद्धा दारूगोळाच ठरतात. आणि माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला दारूगोळा जवळ बाळगायला बंदी. त्यातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे शिकारीचा परवाना काढणं. आमच्या घरात अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं, तिथे रिकाम्या पितळेसाठी हरीण मारायचा परवाना कोण काढणार!

ग्रीन कार्ड आलं आणि चित्र एकदम पालटलं. दुकानात गेलो, एक पौंड दारूचा डबा आणि हजार प्रायमर घेतले, पैसे दिले, बाहेर पडलो. स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा कसलाही परवाना लागत नाही, टेक्सासचाही नाही. विकायचा धंदा केला की मात्र उत्पादकाचा परवाना हवा. त्याची फी तीन वर्षांना जेमतेम ३० डॉलर, पण मागून ११ टक्के अबकारी कर येतो. १९३७ पासून तो वन्यजीवांच्या कामाला जातो. इथल्या मराठी मंडळातले एकजण म्हणाले, "आमच्यासाठीही भरा की, खर्च देतो." मी हात जोडले. पैशाला हात लावला की कायद्याचा प्रश्न उभा राहतो, आणि दुसऱ्याच्या बंदुकीत माझं काडतूस फुटलं तर त्याहून मोठा. बहुतेक कंपन्या घरी भरलेलं काडतूस वापरल्यास बंदुकीची हमी देत नाहीत, ते काही उगाच नाही.

बाकी नियम आगीचे. अग्निसुरक्षेच्या प्रचलित संहितेप्रमाणे घरात बिनधुराची दारू २० पौंडांपर्यंत, तीही मूळ डब्यातच, आणि प्रायमर दहा हजारांपर्यंत. तयार काडतुसं विमानात चेक-इन सामानातून नेता येतात. दारू आणि प्रायमर मात्र कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. ऑनलाइन मागवले तर कुरिअरवाले धोकादायक मालाचा वेगळा आकार लावतात, त्यामुळे आम्ही तिघं-चौघं मिळून ऑर्डर देतो.

आता पैशाचं. प्रेस, डाय, काटा, कॅलिपर, भरणीचं पुस्तक धरून पाचशेच्या आसपास डॉलर आधीच गेले. एका पौंडात सात हजार ग्रेन दारू. पिस्तुलाच्या ९ एमएम काडतुसाला चार-पाच ग्रेन पुरते, म्हणजे तीन सेंट. प्रायमर आठ, गोळी अकरा. पुंगळ्या रेंजवर वेचलेल्या, फुकट. झाले बावीस सेंट. दुकानात तेच काडतूस सत्तावीसला मिळतं. माझ्या साध्या प्रेसवर तासाला पन्नास होतात, म्हणजे तासाची कमाई अडीच डॉलर. इथलं केंद्रीय किमान वेतन सव्वासात आहे!

रायफलच्या .३०८ काडतुसाचं गणित निराळं. नेमबाजीच्या दर्जाचं एक काडतूस दुकानात पावणेदोन डॉलरच्या खाली क्वचितच मिळतं. घरी गोळी पन्नास सेंट, दारू तीस, प्रायमर आठ-नऊ, आणि डॉलरची पुंगळी आठ-दहा वेळा चालते म्हणून तिचे दहा-बारा. डॉलरभरात काम होतं. शिवाय माझ्या रायफलला मानवणारी भरणी हातानं जुळवता येते, ती दुकानात मिळत नाही.

या कामात मला सगळ्यात आवडतो तो टॉर्चचा क्षण. पन्नास पुंगळ्या लाकडी पाटावर उभ्या, प्रत्येकीत दारू घातलेली. गोळी बसवण्याआधी वरून प्रकाश टाकून बघायचं, सगळ्यांत दारू एकाच उंचीवर आहे ना. ९ एमएमच्या पुंगळीत दुप्पट दारू सहज मावते आणि बंदूक हातात फुटू शकते. तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत. बायको दारातूनच विचारते, "झालं का मोजून?"

कोल्हापूरचा मावसभाऊ नेमबाज आहे. त्याला भारी हेवा वाटला. भारतात दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. पण तो नेम धरतो .२२ वर, ज्या बोअरवर तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे घडले. त्यात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो, त्यामुळे ती पुन्हा भरायचा उद्योग कोणी करत नाही. "अरे, परवाना मिळाला असता तरी तुझा काही फायदा नव्हता," असं मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "मग तू तरी कशाला भरतोस?" मी त्याला .३०८ चा हिशेब पाठवला. ९ एमएमचा पाठवला नाही; ती मी हल्ली दुकानातूनच आणतो.